आबा रडारच्या गाड्यातून उठेनात

माझे यजमान हवाई दलात रडारवर होते. आमचं लग्न ठरलं तेव्हा रडार म्हणजे काय हे पिंपळनेरला, माझ्या माहेरी, कोणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांनी 'मुलगा विमानाच्या खात्यात आहे' एवढंच सांगितलं आणि लोकांनी तो विमान चालवतो असं धरून घेतलं. सासर माझं शिरपूरच्या पलीकडे, सातपुड्याच्या बाजूला. तिथेही यापेक्षा फारशी माहिती नव्हती. गावाला पुरेसं वाटत होतं ते एवढंच, की आबांचा मुलगा बंदूक धरत नाही.

आबा म्हणजे माझे सासरे. सगळं गाव त्यांना आबाच म्हणायचं. मुलाला भरतीला जाऊ देताना त्यांनी हीच एक अट घातली होती, आणि पहिल्या रजेवर आल्यावर मुलाने ती पाळली असल्याचं त्यांना ओट्यावर बसून समजावून सांगितलं होतं. थंडगार अंधारी खोली असते, समोर गोल काच असते, काचेवर हिरवी रेघ फिरत राहते. लांबवर विमान आलं की ठिपका उमटतो. ठिपका दिसला की फोनवर सांगायचं, आपलं काम संपलं. लढणारे पुढे असतात, आम्ही मागे.

आबा इतके सुखावले की गावातल्या मारवाडी शेठच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवायचे, "मना पोऱ्या बंदूक धरत नही. तो इमानं मोजस."

रात्री मी यजमानांना एकदा विचारलं होतं, खरंच मागे असता का. ते हसले आणि म्हणाले, तुमच्या या वैशाखात मला त्या थंड खोलीची फार आठवण येते. मला विश्वास ठेवायचाच होता, मी ठेवला.

लग्नाला तिसरं वर्ष लागलं त्या हिवाळ्यात लढाई झाली. लढाई चालू असेपर्यंत आमच्या घरी कोणी घाबरलं नव्हतं, हे आज सांगितलं तर खोटं वाटेल. शेजारच्या गावातला एक मुलगा पायदळात होता, त्याच्या आईला धीर द्यायला माझ्या सासूबाई, अक्का, दोनदा जाऊन आल्या. लढाई थांबली, लोकांनी पेढे वाटले, आणि त्यानंतर आमच्याकडे तार आली.

तारेत मेल्याचं नव्हतं. रडारचं एक फिरतं गाडं घेऊन त्यांची तुकडी सीमेजवळच्या नव्या जागी निघाली होती, वाटेत वरून हल्ला झाला, आणि ते बेपत्ता आहेत, असं पुढे पत्रातून कळलं. तारेत फक्त बेपत्ता हा शब्द. तार वाचून दाखवायला गावातले निवृत्त हवालदार नाना आले होते. अक्कांनी त्यांना विचारलं, याचा अर्थ काय. नाना म्हणाले, सापडत नाहीये. अक्का म्हणाल्या, मग नीट शोधा म्हणावं. आणि त्या चुलीकडे निघून गेल्या.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते मला सलग सांगता येत नाही. नाना खात्याला पत्रं लिहून देत, उत्तर येई की तपास चालू आहे. आबांनी शेठच्या दुकानात बसणं सोडलं नाही, पण आता ते रेडिओसाठी बसत. रोज सकाळी अक्का माझ्या समोर करंडा ठेवून उभ्या राहत, मी कुंकू लावलं की मगच हलत. गावातल्या बायका मला हळदीकुंकवाला बोलवावं की नाही याच्या कोड्यात पडल्या होत्या. त्या दारापर्यंत येत, इकडचं तिकडचं बोलत, आणि बोलावणं न करताच परत जात. माझा भाऊ दोनदा मला न्यायला आला. पहिल्यांदा अक्कांनी त्याला जेवू घालून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मीच नाही म्हणाले. माहेरी जाऊन मी कोण म्हणून राहणार होते? इथे निदान वाट पाहणारी म्हणून जागा होती.

मग आपले युद्धकैदी सुटून आल्याची बातमी आली. ते दिवस सगळ्यांत वाईट. रेडिओच्या बातम्या लागल्या की आबा, नाना, मी, शेठ, त्यांच्या आतल्या खोलीतल्या बायका, सगळे कान लावून ऐकत असू. शेठ गिऱ्हाइकाला हातानेच थांबायला सांगत. आलेल्यांमध्ये ते नव्हते. खात्याकडून तसं पत्रही आलं. तरी आबा दोनेक आठवडे बातम्यांना जाऊन बसत राहिले. शेवटी शेठनीच एके दिवशी रेडिओ आत नेऊन ठेवला. आबांना समोर बसलेलं पाहणं त्यांना सोसत नव्हतं, असं नंतर त्यांच्या बायकोने मला सांगितलं.

धुळ्याच्या प्रदर्शनाची बातमी नानांनी आणली. लष्कराचं फिरतं युद्ध-संग्रहालय मोठ्या मैदानावर आठवडाभर थांबणार होतं. शत्रूचा पकडलेला रणगाडा होता, पाडलेल्या विमानाचे तुकडे होते. नाना हे सगळं उत्साहाने सांगत होते आणि सांगता सांगता त्यांच्या तोंडून निघून गेलं की महायुद्धातलं एक रडारही आहे, अजून चालतं, आत चढून बघू देतात. बोलल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

आबा म्हणाले, "जाऊ."

शेठनी आपला कापसाचा ट्रक दिला. गावातून तीसेक माणसं निघाली. दुष्काळाचं वर्ष होतं, शेतात काम नव्हतं, खडीच्या कामावरून एक दिवस सुटका मिळते म्हणून लोक आनंदात होते. बायका गाणी म्हणत होत्या. आम्ही तिघं चढलो आणि गाणी बंद झाली. कोणीतरी आबांना ड्रायव्हरशेजारी बसा म्हणालं, पण ते मागेच बसले. अक्कांच्या मांडीवर मोठं गाठोडं होतं. मी विचारलं यात काय, तर म्हणाल्या बिबडी आहेत. बिबडी म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे मोठाले पापड, यजमानांना फार आवडायचे. तिथे त्यांच्या खात्यातली माणसं असतील, एखादा त्यांना ओळखत असेल, त्याच्याजवळ द्यायचे असा अक्कांचा हिशेब होता.  सबंध रस्ताभर खड्डा आला की त्या गाठोडं वर उचलून धरत होत्या, पापड मोडू नयेत म्हणून.

मैदानावर जत्रेसारखी गर्दी होती. रणगाड्यावर शाळेची मुलं चढली होती, भेळवाले, फुगेवाले होते. आमची माणसं लगेच पांगली. रडार मैदानाच्या अगदी टोकाला होतं आणि तिथे रांग फार नव्हती, कारण पाहण्यासारखं काही दिसतच नव्हतं. चाकांवरचं एक हिरव्या रंगाचं लोखंडी खोकं, वर जाळीचा वाकडा पंखा. बाजूला जनरेटर धडधडत होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले आणि माझ्या मनात आलं, हे एवढंच?

अक्का आत आल्या नाहीत. निळ्या वर्दीतले दोघं-तिघं जवान बाजूच्या तंबूत चहा पीत होते, त्या गाठोडं घेऊन तिकडे गेल्या. आबा, नाना आणि मी लोखंडी पायऱ्या चढून काळ्या पडद्यातून आत शिरलो.

आत पहिल्यांदा जाणवली ती उष्णता. भट्टीसारखी. यंत्रांची धग, तापलेल्या रबराचा वास, आणि हवा येईल अशी एक फट नाही. थंडगार खोली, असं मी तीन वर्षं मनात धरून होते. मी भिंतीवर हात टेकला तर पत्रा माझ्या बोटांखाली आत दबला. आमच्या धान्याच्या कोठीचा पत्रा त्याहून जाड होता.

आत एक सार्जंट होता, दक्षिणेकडचा, हिंदी बोलणारा. त्याने आम्हाला गोल काच दाखवली. हिरवी रेघ खरंच फिरत होती. समोरच्या लोखंडी स्टुलावर बसणारा माणूस कानांना हेडफोन लावतो, त्यामुळे त्याला बाहेरचं काही ऐकू येत नाही, असं त्याने सांगितलं. नाना आबांसाठी एकेक वाक्य आमच्या बोलीत करत होते. मग सार्जंट, दिवसभर तेच ते सांगून पाठ झाल्यासारखा, म्हणाला, "लडाई शुरू होते ही दुश्मन सबसे पहले इसी को मारता है. ये हमारी आँख है ना."

हे वाक्य नानांनी केलं नाही. ते पायाकडे बघत राहिले. पण आबांना तेवढी हिंदी येत होती, कापसाच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा सगळा व्यवहार हिंदीतच चालायचा. ते काही क्षण काचेकडे पाहत उभे होते. मग स्टुलावर जाऊन बसले.

सार्जंट हसून म्हणाला, बसा, बाबा, बघा. त्याला वाटलं हौस आहे. आबांनी हेडफोन उचलले, फेट्यावरून ते बसेनात, तेव्हा फेटा काढून मांडीवर ठेवला आणि ते कानांना लावले. मी त्यांना उघड्या डोक्याने कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून बाहेर पळून जावंसं वाटलं.

बाहेरचे लोक आत यायची वाट पाहत होते. सार्जंटने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, की आता उठा. आबा हलले नाहीत. तिसऱ्यांदा त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा नानांनी त्याला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं. सार्जंटचा चेहरा पडला. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन लोकांना सांगितलं की मशीन बिघडलं आहे, थोडा वेळ लागेल.

पण लोक ऐकेनात. आमच्याच गावचा एकजण पडदा बाजूला करून आत डोकावला आणि म्हणाला, आबा, पुरे झालं, चला, सगळे खोळंबलेत. आबांनी एका कानावरचा हेडफोन सरकवला.

"त्याले कोणी ऊठ म्हनं नही," ते म्हणाले. "माले कसाले उठाडतस?"

तो माणूस तसाच मागे सरला.

मी बाहेर आले. सार्जंट पायरीशी उभा होता. मला जे विचारायचं होतं ते वर्षभर विचारायला कोणी भेटलं नव्हतं. नाना, भाऊ, खात्याची पत्रं, सगळे माझ्याशी जपून बोलत. मी त्याला माझ्या मोडक्या हिंदीत विचारलं की अशा गाड्यावर बॉम्ब पडला तर आतला माणूस जिवंत बाहेर येतो का. त्याने उलट मला विचारलं, गाडं उभं होतं की चालत होतं. मी म्हणाले, चालत होतं, पत्रात तसं आहे. तो पटकन म्हणाला की मग आत कोणी नसणार, चालत्या गाड्यात कोणी बसत नाही, माणसं पुढच्या वाहनात असतात.  मी पायरी धरली. मग शेतात उडी मारली असेल, मी म्हणाले, लपले असतील, कोणी धरून नेलं असेल, नाव बदलून कुठे ठेवलं असेल. मी किती वेळ बोलत होते कोण जाणे. तो मधे बोलला नाही. माझं संपल्यावरही तो गप्पच राहिला, आणि त्या गप्प राहण्यातून मला हळूहळू कळत गेलं.

मी विचारलं, तुमच्या बहिणीवर ही वेळ आली असती तर तिला काय सांगितलं असतंत?

त्याने टोपी काढली, घाम पुसला. "कहता, इंतजार मत कर," तो म्हणाला. आणि मला नजर न देता जनरेटरकडे गेला.

तेवढ्यात तंबूकडून अक्का आल्या. त्यांचं गाठोडं रिकामं झालं होतं. पापड त्यांनी तिथल्या सगळ्या जवानांना वाटले होते आणि प्रत्येकाला एकच विचारलं होतं. मी त्यांचा शेवटचा प्रश्न लांबून ऐकला होता, "भाऊ, मना पोऱ्याले देखं का? तुमनासारखाच कपडा शेतस त्याना." पोरं बिचारी हात जोडत होती. अक्का मात्र खूश दिसत होत्या. एकाने सांगितलं म्हणे, की हवाई दल फार मोठं आहे, माणूस कुठेही असू शकतो.

त्यांनी विचारलं, आबा कुठे. मी आत बोट दाखवलं.

अक्का पायऱ्या चढल्या, त्यांच्यामागे मी. सार्जंटने जनरेटर बंद केला होता. काचेवरची हिरवी रेघ गेली होती, पडद्याच्या फटीतून येईल तेवढाच उजेड. आबा तसेच बसलेले, हेडफोन कानांना, हात गुडघ्यांवर. घामाने त्यांची बंडी पाठीला चिकटली होती. मला वाटलं, अक्का रडतील, ओरडतील. त्या खाली पत्र्यावर त्यांच्या पायाशी बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी आबांच्या गुडघ्याला हात लावून विचारलं,

"काही आयकू येस का?"

आबांनी मान हलवली. "काहीच नही."

अक्कांनी उठून हेडफोन काढले आणि खुंटीवर अडकवले. फेटा उचलून त्यांच्या हातात दिला. आबा उठले. पायऱ्या उतरताना दोघांनी एकमेकांना धरलं होतं.

आम्ही परत निघालो. ऊन उतरलं होतं. तापीच्या पुलाजवळ आल्यावर आबांनी ड्रायव्हरच्या टपावर थापा मारून ट्रक थांबवायला लावला. ते खाली उतरले आणि नदीकडे चालू लागले. लोकांना वाटलं हातपाय धुवायचे असतील. दुष्काळामुळे तापी पार आक्रसली होती, बरंच वाळूतून चालावं लागलं. अक्का आणि मी मागोमाग गेलो. आबा गुडघाभर पाण्यात उतरले, दक्षिणेकडे तोंड केलं आणि ओंजळ भरली, तेव्हा मला समजलं.

अक्कांना माझ्या आधी समजलं होतं. त्या लुगड्यासकट पाण्यात धावल्या आणि त्यांनी आबांच्या ओंजळीवर हात मारला. पाणी सांडलं. आबांनी पुन्हा ओंजळ भरली, अक्कांनी पुन्हा सांडली. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईने नवऱ्यापुढे आवाज चढवला नव्हता असं गाव सांगायचं.

"पानी नका देऊ त्याले," त्या म्हणत होत्या. "तो जित्ता शे. तुम्ही पानी दिधं तर मरी जाई."

आबांनी तिसऱ्यांदा ओंजळ भरली आणि तशीच धरून माझ्याकडे वळले. पाणी बोटांतून गळत होतं.

"तू सांग माय," ते म्हणाले. "देऊ का नको?"

त्या क्षणाइतकं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. वर पुलावर सगळं गाव वाकून बघत होतं. मला ठाऊक होतं की ते गेले. पायरीशी उभी असतानाच मला ते कळलं होतं, आणि खरं तर त्याच्याही आधी, पत्र्याला हात लावला तेव्हा. हो म्हणाले असते तर निदान रडता आलं असतं. वर्षभर मी रडले नव्हते, कारण अक्का रडू देत नव्हत्या, जिवंत माणसासाठी रडणं अशुभ म्हणून. आणि अक्का माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, हात जोडले नव्हते की काही नाही, पण त्यांच्या त्या नजरेपुढे माझ्याने हो म्हणवेना.

मी म्हणाले, "आज नको, आबा."

त्यांनी हात उघडले. उरलंसुरलं पाणी नदीत पडलं.

ते 'आज नको' पुढे कितीतरी वर्षं चाललं. मधे खात्याचं पत्र आलं, की आता त्यांना मृत मानण्यात येत आहे. नानांनी ते आबांना वाचून दाखवलं, मला दाखवलं, अक्कांना कोणीच सांगितलं नाही. अक्कांना बहुतेक कळलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी नानांना घरात चहा दिला नाही. मी शिरपूरला शिक्षिकेचा अभ्यास पुरा केला, शाळेत लागले. पोरी मला विचारायच्या, बाई, तुमचे मिस्टर कुठे असतात. मी सांगायची, नोकरीवर. सकाळी अक्का, हात कापायला लागले तरी, करंडा घेऊन येत राहिल्या. मला कधी त्यांचा संताप यायचा, इतका की भांडी आपटावीशी वाटत. पण मी शाळेतून यायच्या वेळी त्या दारात बसलेल्या दिसत, माझी वाट बघत, आणि माझा राग कुठल्या कुठे जाई. आम्ही दोघी एकमेकींना सोडू शकत नव्हतो, एवढं खरं.

एका भादव्यात अक्का झोपेतच गेल्या. त्यांचा दहावा तापीवर केला. त्या वर्षी नदी दुथडी भरली होती, वाळू कुठे दिसत नव्हती. बायका सहसा घाटावर जात नाहीत, पण सामान सांभाळायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून मी गेले होते. भटजींनी पिंड मांडला. आबा म्हणाले, अजून एक मांडा. भटजींनी विचारलं, कोणाच्या नावाने. आबांनी मुलाचं नाव सांगितलं. तार आल्यापासून ते नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. या वेळी विचारलं काही नाही. मी होकाराची मान हलवली.

पाणी देऊन झाल्यावर त्यांना घाटाच्या पायऱ्या चढवेनात. ओल्या दगडावरून पाय घसरत होता. मी त्यांचा हात धरला. एकेक पायरी चढत आम्ही वर आलो, रस्त्यावर आलो, तरी त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि मी तिथे रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांनी उडवलेल्या चिखलात, मोठ्याने रडले.